पाचव्या इमारतीमागचा बिबट्या

निसर्गाच्या रक्षणाचा पाया सत्य हाच असतो. हे वाक्य मी लिहिलेलं आहे, पण मी ते कधी उच्चारलेलं नाही. ते आमच्या संकुलाच्या सेक्रेटरींनी माईकवरून म्हटलं, एकदा बंगालीत आणि प्रमुख पाहुण्यांच्या कानावर नीट पडलं नसेल म्हणून पुन्हा एकदा इंग्रजीत. टाळ्या दोन्ही वेळा पडल्या. मी दुसऱ्या रांगेत होते, मीही वाजवल्या. पुढे त्या वाक्याचं जे झालं ते सांगायचं तर आधी तळ्याबद्दल सांगायला हवं.

आम्ही बंगालच्या राजधानीत, बेहालाच्या मागच्या अंगाला राहतो, जिथे शहर अजून बांधून पुरतं झालेलं नाही. मेट्रो आल्यापासून आमच्या भागातल्या प्रत्येक मोकळ्या जागेला पत्र्याचं कुंपण पडलंय. कुंपणावर उंच इमारतीचं चित्र असतं आणि चित्रात एक गोरंपान कुटुंब हिरवळीवर सायकल चालवत असतं. कुंपणाआड पूर्वी बहुधा तळं असतं. इथे तळी एकदम मरत नाहीत. आधी काठचं गवत जातं, मग कुणीतरी कडेला राडारोडा टाकतं, मग आणखी कुणीतरी. टाकणाऱ्याला कधीच कुणी पाहिलेलं नसतं. आणि एक दिवस लोक म्हणू लागतात, इथे तळं होतं का? डबकं होतं ना ते?

आमच्या संकुलाच्या पाचव्या इमारतीमागचं तळं अजून जिवंत होतं, पण पलीकडच्या रस्त्याच्या कडेने त्यातही राडारोड्याच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या होत्या. आम्हीही पाचवीतच राहतो, आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी तळ्यावर उघडते. पलीकडच्या काठाला माणसापेक्षा उंच, तलवारीच्या पात्यासारख्या पानांचं दाट पाणगवत आहे. इथे त्याला होगला म्हणतात. त्या होगल्यातून पाणकोंबड्या लगबगीने ये-जा करतात, जशा काही त्यांना कचेरी गाठायची असते. खंड्या येतो, पाणकावळा येऊन पंख वाळत घालतो. माझा जन्म या शहरातला. वडील नोकरीसाठी आले आणि परत जाणं दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत राहिले. मी कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झाले. नवरा जुन्नर तालुक्यातला. बँकेने बदली करून त्याला इथे पाठवलं, मग आमचं लग्न झालं, आणि बँकेने पुन्हा बदली केली तेव्हा त्याने ती खटपट करून रद्द करून घेतली. माझ्यासाठी, असं तो म्हणतो. मिष्टी दहीसाठी, असं मी म्हणते.

तर या तळ्याचं सेक्रेटरींनी 'जैवविविधता उद्यान' करायचं ठरवलं.

सेक्रेटरी मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले. तिथे ते काय करत हे कुणालाही नक्की सांगता येत नाही, पण तिथे फिती पुष्कळ कापल्या जात असाव्यात. माणूस वाईट नाही. कुणाकडे आजारपण असलं तर पहिले तेच पोचतात. फक्त साधी गोष्ट साधेपणाने झालेली त्यांना सोसत नाही. नवा पाण्याचा पंप बसवला तेव्हा त्यांनी पंपाला हार घालून त्याच्यासमोर दोन गाणी म्हणवून घेतली होती. त्यांचा मेव्हणा शहराच्या दुसऱ्या टोकाला, सॉल्ट लेकमधल्या एका संकुलाचा सेक्रेटरी आहे आणि त्या संकुलात दोन कारंजी आहेत. ही जखम जुनी होती.

बैठकीत त्यांनी आराखडा दाखवला. होगला समूळ काढायचा. काठ सिमेंटने बांधायचे. भोवती फरशी, मध्ये रंगीत दिव्यांचं कारंजं, आणि फरशीवर पेंग्विनच्या आकाराच्या कचराकुंड्या.

"आणि होगल्यात जे राहतात त्यांचं काय?" मी विचारलं.

"कोण राहतं, दिदि?"

"पाणकोंबड्या. खंड्या. मुंगसं. एक घोरपडही आहे."

"त्यांच्यासाठीच तर उद्यान," ते कळवळून म्हणाले. "सगळ्यांची चित्रं लावणार आहोत आपण."

माझ्या बाजूने एकच हात वर झाला. तो पहिल्या इमारतीतल्या ज्येठूंचा. ज्येठू म्हणजे थोरले काका. त्यांचे खरे पुतणे परदेशात असल्यामुळे अख्खं संकुल त्यांना या नावाने हाक मारतं. ते दर रविवारी छत्री, पाट आणि गळ घेऊन तळ्यावर बसतात. सिमेंटच्या काठावर पाट नीट बसत नाही, एवढाच त्यांचा आक्षेप होता. शिवाय त्या दिवसांत ते भलत्याच रागात होते. तळ्यातले मासे कमी होत होते आणि त्यांच्या मते कुणीतरी पहाटे येऊन चोरत होतं. दुसऱ्या इमारतीतल्या बहुतेकांवर त्यांचा संशय होता. संशयातून एकच माणूस सुटला होता, माझा नवरा. मटणावर तो आडवा हात मारतो, पण मासा ताटात आला की त्याला जुन्नर आठवतं. अशा माणसाला ज्येठू चोरीच्या लायकीचाही समजत नसत.

आम्ही दोघे हरलो. प्रमुख पाहुणे ठरले, उद्घाटनाचा शुक्रवार ठरला, आणि त्याच्या आधीच्या सोमवारी होगला कापायला माणसं येणार असं ठरलं. मी खिडकीत उभी राहून पोळ्या लाटायचे आणि पाणकोंबड्यांकडे बघायचं टाळायचे. त्यांना कुणी नोटीस दिली नव्हती.

पण सोमवारच्या आदल्या दिवशी पहाटे नवरा फिरायला गेला आणि नेहमीपेक्षा फारच लवकर परत आला. एका बुटाला चिखल होता. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो म्हणाला,

"बिबट्या."

"कुठे?" मी गॅस बारीक केला.

"आपल्या मागे. होगल्याच्या कडेला. पाण्याशी वाकून बसला होता."

"कुत्रा असेल रे."

"अगं, मी जुन्नरचा आहे."

या वाक्यावर आमच्या घरात अपील नाही. जुन्नरकडे उसात बिबटे राहतात, वितात आणि कधीकधी ओसरीपर्यंत येतात. त्याच्या गावाहून फोन आला की हवापाण्याची चौकशी होते, मग प्रकृतीची, मग बिबट्याची. त्याच्या सगळ्या भावंडांनी बिबट्या पाहिलाय. यानेच काय तो पाहिला नव्हता, कारण ऐन वेळी हा बँकेत लागला. आता त्याच्या चेहऱ्यावर भीती होती, पण भीतीच्या खालून आनंद वर यायला धडपडत होता. इतक्या वर्षांनी, एवढ्या लांब, शेवटी आपल्याही वाट्याला आला.

त्याने लगेच थोरल्या भावाला फोन लावला आणि कौतुकाने स्पीकरवर टाकला.

"तिकडं उसाय का?" दीरांनी विचारलं.

"ऊस नाही रे दादा इथे."

"मग ऱ्हातो कुठं त्यो?"

"होगल्यात."

"ते काय असतं?"

"गवत असतं. पाण्यातलं."

"पाण्यात बिबट्या ऱ्हात नाय. चष्मा लावला व्हता का तू?"

नवऱ्याने फोन ठेवला. "दादाला हल्ली कमी ऐकू येतं," तो म्हणाला, आणि त्याने बातमी संकुलाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली.

त्यानंतर जसा गेला तसा रविवार आमच्या संकुलाने जन्मात अनुभवला नसेल. कुणी म्हणालं बिबट्या कसला, सुंदरबनातला वाघ असणार, खाडीतून पोहत आलाय. कुणी विचारलं नर की मादी. कुणी नेहमीप्रमाणे गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवलं. सेक्रेटरींनी मोठाल्या अक्षरांत 'कुणीही घाबरू नये' असा संदेश टाकला आणि मग मात्र सगळे खरोखर घाबरले. बॅडमिंटन बंद झालं. ज्येठू गळ घेऊन निघाले तेव्हा त्यांना तिघांनी धरून परत आणलं. सेक्रेटरींनी तातडीने एक भलीमोठी इशारापाटी करायला टाकली, बिबट्याच्या रंगीत चित्रासकट. आणि सोमवारी होगला कापायला कुणी आलं नाही. कंत्राटदाराने कळवलं की त्याची माणसं गवत कापतात, शिकार करत नाहीत.

मी बिबट्यावर अजिबात विश्वास ठेवला नव्हता. तरी त्या दिवशी माझा दोनदा चहा उतू गेला, कारण मी खिडकी सोडायला तयार नव्हते. बघायला लागल्यावर दिसायला लागलं. होगल्यात एका जागी गवत दबून बोगद्यासारखी वाट झाली होती. मुंगसाची नव्हे, घोरपडीची तर नव्हेच. पाणकोंबड्या त्या वाटेला वळसा घालून जात होत्या. दुपारी त्या एकदम ओरडल्या, होगल्याचे शेंडे वारा नसताना हलले, हलत हलत पाण्यापर्यंत आले आणि थांबले. मी हातात लाटणं घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. त्या शेंड्यांच्या खाली काहीतरी होतं आणि तेही थांबून बघत होतं.

"दिसला?" नवऱ्याने मागून कुजबुजत विचारलं.

"काहीतरी आहे."

"काहीतरी नाही. बिबट्या आहे."

मंगळवारी वनखात्याच्या अधिकारी आल्या. तिशीच्या आत-बाहेरची मुलगी, कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. सेक्रेटरींनी तिच्यासाठी पुष्पगुच्छ आणवला होता. तिने तो घेतला, कुठे ठेवावा कळेना म्हणून आधीच येऊन पडलेल्या एका पेंग्विन-कुंडीच्या तोंडात ठेवला आणि नवऱ्याकडे वळली. इथल्या रीतीप्रमाणे तिने त्याला हाकेतच मावशीचा नवरा करून टाकलं.

"मेसोमोशाय, शेपूट केवढं होतं?"

"शेपूट गवतात होतं."

"जेवढं दिसलं तेवढं. आखूड?"

"तसं आखूडच. पण बिबट्याचं शेपूट आखूड नसतं."

"तेच म्हणतेय मी."

आम्ही तळ्याला वळसा घालून होगल्यापाशी गेलो. चिखलात ठसे होते, स्वच्छ, जणू आत्ताच कुणी उमटवून गेलं. नवऱ्याने ते बघून विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. ती उकिडवी बसली. ठशांशेजारी चिखलात काहीतरी चमकत होतं, ते तिने बोटावर उचललं. माशाचा खवला. मग दुसरा. मग एक अख्खा कल्ला.

"मेसोमोशाय," ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "तुमच्याकडचे बिबटे मासे खातात?"

ती उठली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की मला वाटलं आता ही उडी मारणार. "बाघरोल," ती म्हणाली.

बाघरोल म्हणजे मासेमार मांजर. घरच्या मांजराच्या दुप्पट, अंगावर ठिपक्यांच्या ओळी, पाण्यात उतरून मासे धरणारं, पाणथळी संपत चालल्या तसं संपत चाललेलं. बंगालचा राज्यप्राणी. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून मी हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला होता. मुलं वाघ म्हणत आणि मी गुण कापत असे. तो प्राणी मी चित्राबाहेर कधी पाहिला नव्हता. आणि तो माझ्या पोळपाटापासून एका तळ्याच्या अंतरावर राहत होता.

"मांजर," नवरा हळूच म्हणाला.

"साधं मांजर नाही रे."

"हो. पण मांजर."

संध्याकाळी आम्ही पाचवीच्या गच्चीत जमलो. ती अधिकारी, आम्ही दोघे, सेक्रेटरी आणि ज्येठू. खात्री करायची होती. कठड्याआड ओळीने बसलो. ज्येठूंना खुर्ची दिली, ती करकरली म्हणून ते स्वतःच खाली बसले. पलीकडे मेट्रो एकदा गेली, तिचे दिवे तळ्यात लांबून विरले. घराघरांत तिन्हीसांजेचे शंख वाजले, कुणाच्या तरी घरात मोहरीच्या तेलात मासा पडल्याचा वास आला. उजेड जात चालला होता आणि मला वाटायला लागलं, आता नाहीच येत. तेवढ्यात त्या मुलीने माझ्या मनगटावर बोट ठेवलं.

होगल्यातून एक डोकं बाहेर आलं. मग खांदे. मग बाकीचं अंग, ठेंगणं, दणकट, भिजलेल्या राखेच्या रंगाचं. ते काठावर येऊन बसलं, अगदी ज्येठू बसतात तसं, पाण्याकडे तोंड करून, जगाची काही घाई नसल्यासारखं. एक पंजा पुढे केला आणि पाण्यावर हलकेच टिचकी मारल्यासारखं केलं. एखादा किडा पडल्यावर उठावी तेवढीच लाट. थांबलं. पुन्हा टिचकी. मग ते सगळंच्या सगळं पाण्यात गेलं, डोकं आधी, आणि बाहेर आलं तेव्हा तोंडात मासा तडफडत होता, त्याच्या डोक्याहून मोठा.

"कातला," ज्येठू माशाची जात पुटपुटले. आवाजात राग शोधावा तर नव्हता. जन्मभर गळ टाकून बसलेल्या माणसाने उस्तादाला दाद द्यावी तसा तो आवाज होता.

ती मासा घेऊन काठावर आली. 'ती' अशासाठी की त्याच वेळी होगल्याच्या तोंडाशी दोन पिल्लं लुटुलुटु आली. एक पिल्लू मासा बघून मागे सरलं आणि पाण्यात बसकण मारून बसलं. दुसऱ्याने शेपटी धरली आणि माशाने त्याला फटका दिला. नवऱ्याने माझा हात धरला होता. केव्हा धरला ते मला कळलं नाही.

"बिबट्या नाहीये," तो माझ्या कानाशी म्हणाला, आणि आवाजात निराशा औषधालाही नव्हती.

ती तिघं आत गेल्यावरही आम्ही बसून होतो. सगळ्यात आधी सेक्रेटरी उठले, गुडघे झटकले आणि सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाले,

"म्हणजे मांजरच. मग उद्या सकाळी माणसं बोलावतो."

त्या मुलीने दुर्बीण खाली केली. "होगला काढून चालणार नाही. पिल्लं एवढी लहान आहेत. जागा गेली तर पिल्लं गेली. या प्राण्याला वाघाइतकंच संरक्षण आहे कायद्यात."

"आम्ही तिला हात कुठे लावतोय? आम्ही गवत काढतोय. साफसफाई."

"मी आजच वर लिहिते. लेखी आदेश येईल."

"कधी?"

"येईल."

"उद्घाटन शुक्रवारी आहे," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यात धमकी नव्हती, नुसतं दुःख होतं. "पाहुण्यांनी वेळ दिलाय. मंडप सांगून झालाय. त्यांना मी काय दाखवू? चिखल?"

सकाळ व्हायला एकच रात्र होती आणि कागद एका रात्रीत कुठूनही कुठे पोचत नाही, हे गच्चीवरच्या सगळ्यांना माहीत होतं. मी त्या माणसाकडे बघत होते आणि मला एकदम लख्ख दिसलं. याचं होगल्याशी वैर नाही. मांजराशीही नाही. याला फक्त एक पडदा हवाय आणि पडद्यामागे काहीतरी हवंय.

"कारंजी शहरात किती असतील हो?" मी विचारलं.

"असतील पुष्कळ," ते सावधपणे म्हणाले.

"आणि मागच्या अंगणात राज्यप्राणी नांदतोय, पिल्लांसकट, अशी संकुलं किती?"

ते त्या मुलीकडे वळले. "किती आहेत?"

"माझ्या माहितीत एकही नाही," ती म्हणाली. तिची माहिती खरी होती. हसूही तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

"सॉल्ट लेकला?"

"संकुलात? कधी ऐकलं नाही."

सेक्रेटरींनी तळ्याकडे पाहिलं. अंधारात होगला नुसता काळा दिसत होता, पण त्यांना तिथे मेव्हण्याचा चेहरा दिसत असावा. "राज्यप्राणी," ते चव घेतल्यासारखं म्हणाले. "उद्घाटन त्याचंच करता येईल?"

"करायला हवं."

"मग होगला?"

"होगला म्हणजे राजवाडा," मी म्हणाले. डामडौलाची मी आयुष्यभर टिंगल केली. वेळ आली तेव्हा तो माझ्या तोंडून असा सहज बाहेर पडला की नवऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं.

"पण मासे?" सेक्रेटरींनी ज्येठूंना विचारलं. "तुमचे मासे खाते ती. तुमची हरकत असणार."

सगळे ज्येठूंकडे बघू लागले. महिनाभर ज्या चोराला ते शिव्या घालत होते तो सापडला होता. त्यांनी 'होगला कापा' म्हटलं असतं तर निम्मं संकुल त्यांच्या बाजूने उभं राहिलं असतं. या शहरात माशाची बाजू घेणाऱ्याला मतं मिळतात.

ज्येठूंनी आधी चष्मा पुसला. "मासे खाते ना?" ते म्हणाले. "मग ती इथलीच." आणि नवऱ्याकडे बघून, "काही लोकांना इतकी वर्षं राहूनही जमत नाही."

"ज्येठू, मी कोळंबी खातो," नवरा म्हणाला.

"कोळंबी मासा नाही," ज्येठू म्हणाले. "किडा आहे."

त्याच रात्री मी जेवणाच्या टेबलाशी बसून सेक्रेटरींचं भाषण लिहिलं. लिहिताना हात थांबेना. राजवाडा घातला, वारसा घातला, भावी पिढ्या घातल्या. बिबट्याची अफवा जाहीरपणे पुसणं आवश्यक होतं, नाहीतर कुणीतरी पिंजरा मागवला असता. म्हणून सुरुवातीलाच ते सत्याचं वाक्य घातलं. पुढे लिहिलं, 'कुणीतरी घाईने बिबट्या म्हणालं, परंतु आम्ही सत्याचा शोध घेतला.'

"'कुणीतरी' म्हणजे मी?" नवऱ्याने खांद्यावरून वाचून विचारलं.

"नाव कुठे घेतलंय?"

"जुन्नरही घातलं नाहीस."

"घालू?"

"नको," तो म्हणाला.

पुढचे दिवस वाटाघाटीत गेले. तळ्याकाठी मंडप नको, तो पहिल्या इमारतीसमोर घाला, असं ती अधिकारी म्हणाली. सेक्रेटरी कबूल झाले. बँड नको. ठीक. मग ढाक, म्हणजे पूजेतला ढोल? ढाकही नको. शंख? शंख चालेल, एकदाच. कारंजं पुढच्या वर्षी. सिमेंटचे काठ अलीकडच्या बाजूला, ज्येठूंच्या पाटाएवढी जागा सोडून. तेवढ्यात वनखात्याचा लेखी आदेशही आला, होगल्याला हात लावू नये म्हणून. सेक्रेटरींनी तो वाचून काचेच्या चौकटीत बसवला. मी रोज संध्याकाळी पोळ्या आटपून खिडकीतला दिवा मालवायचे आणि उभी राहायचे. एकदा ती दिसली. एकदा दिसलं फक्त पाण्यावरचं ते टिचकीचं वर्तुळ, आणि तेवढ्यावरही मी नवऱ्याला हाका मारमारून बोलावलं.

शुक्रवारी पाहुणे बऱ्याच उशिरा आले. दीप लावला, पाहुण्यांच्या गळ्यात उत्तरीय घातलं, बायकांनी गाणं म्हटलं. सॉल्ट लेकचा मेव्हणा पहिल्या रांगेत बसवला होता, मुद्दाम, आणि त्याच्या तोंडावर दिवा पडेल असा. सेक्रेटरी बोलायला उठले. माझा राजवाडा त्यांच्या तोंडी असा शोभला की तो त्यांनीच बांधला असावा. सत्याचं वाक्य झालं, दोन भाषांत. शंख एकदाच वाजला. पाहुण्यांनी दोरी ओढली आणि पडदा बाजूला झाला.

पाटीवर ठळक बंगालीत लिहिलं होतं, 'येथे आमचा राज्यप्राणी राहतो.' खाली चित्र होतं. सोनेरी अंग, फुलांसारखे काळे ठिपके, झाडाच्या फांदीवरून लोंबणारं लांबच लांब शेपूट.

दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी एक दीर्घ, समाधानी श्वास ऐकू आला. "बघ," नवरा म्हणाला.

"अपूर्व," पाहुणे म्हणाले. "काय देखणा बाघरोल आहे." वनखात्याची मुलगी आपल्या बुटांकडे बघत राहिली. सेक्रेटरी माझ्या कानाशी वाकले. बिबट्याच्या रविवारी जी इशारापाटी करायला टाकली होती, तीच ही. चित्र छापून झालं होतं, म्हणून फक्त अक्षरं बदलून घेतली. "तसे ठिपके दोघांनाही असतात, दिदि," ते म्हणाले.

ज्येठूंनी लांबून पाटी निरखली. "याला मासा धरता येणार नाही," ते म्हणाले आणि चहाकडे वळले.

नवऱ्याने पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि जुन्नरला पाठवला. मजकूर बंगालीत असल्यामुळे तिकडे काही अडचण आली नाही. थोरल्या दिरांचं उत्तर आलं, 'हा आपल्याकडचाच दिसतोय.' तो संदेश नवऱ्याने अजून पुसलेला नाही.

समारंभानंतर पाटी उचलून तळ्याच्या पलीकडच्या काठावर, रस्त्याकडे तोंड करून लावली. होगला तिच्यामागे उभा आहे. पिल्लं आता आईच्या खांद्याला लागलीत. परवा त्यातल्या एकाने माझ्या डोळ्यांदेखत पहिला मासा धरला. बोटाएवढा होता, पण ते तो मिरवत असं आत गेलं की सेक्रेटरींनी दिवा धरायला हवा होता. मी ओरडले, नवरा धावत आला, आणि आम्ही दोघे त्या काळोखात कितीतरी वेळ खिडकीला चिकटून उभे होतो.

पाटीवरचं चित्र बदलावं असा ठराव मागच्या बैठकीत मी मांडला. तो एकमताने फेटाळला गेला, म्हणजे माझंही मत त्यात आलं. पाटी लागल्यापासून पलीकडच्या काठावर राडारोड्याची एकही गाडी रिकामी झालेली नाही.